नेलपेंटशिवाय मॅनिक्युअर: नखं नुसती नीटनेटकी हवी असतील तर काय मागावं, काय टाळावं

निपरवाली

नेलपेंट नको असलेली गिऱ्हाइकं कमी नाहीत. हॉस्पिटलात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत काम करणारे, वजू करताना नखाला पाणी लागायला हवं म्हणून नेलपेंट टाळणाऱ्या, तबला वाजवणारे, आणि जवळपास सगळे पुरुष. पार्लरमध्ये यांना ठरलेलं उत्तर मिळतं: "मग क्लिअर कोट लावून देते." क्लिअर कोट म्हणजे बिनरंगी नेलपेंटच. तोही पाणी अडवतो, तोही टवके उडून निघतो. तो नको असेल तर आधीच स्पष्ट सांगा.

नेलपेंटखाली वाकडी कड, अर्धवट काढलेलं क्युटिकल (नखाच्या मुळाशी चिकटलेला मेलेल्या कातडीचा पापुद्रा), फाइलचे ओरखडे असं बरंच काही खपून जातं. उघड्या नखावर यातलं काहीच लपत नाही. त्यामुळे हे काम सोपं समजून नवशिक्या मुलीकडे देतात तिथेच गडबड होते.

कामाचा क्रम असा असावा.

आधी जुनं नेलपेंट काढून हात साबणाने धुणे आणि पूर्ण कोरडे करणे. मग कोरड्या नखाला आकार. भिजलेलं नख फुगलेलं आणि मऊ असतं, त्याला फाइल लावली की थर सुटायला लागतात. फाइल २४० ग्रिटची (ग्रिट म्हणजे दाण्याचा आकडा, जितका मोठा तितकी फाइल बारीक) किंवा काचेची. जाड नखांना १८० चालते. ८० किंवा १०० ग्रिटची खरबरीत फाइल अ‍ॅक्रिलिक आणि जेलच्या कृत्रिम नखांसाठी असते. ती हातात घेतली तर तिथेच थांबवा.

लांबी जास्त असेल तर आधी नेलकटर, पण मधोमध एक मोठा चावा घ्यायचा नाही. नख कमानदार असतं. कटरची पाती त्याला दाबून सपाट करतात आणि मधे उभी चीर जाते. एका कडेपासून छोटे छोटे तुकडे घेत दुसरीकडे जायचं. पांढरा भाग १-२ मिमी ठेवून उरलेलं फाइलने.

कोपऱ्यात फाइल घुसवायची नाही. नख जिथे बाजूच्या कातडीतून बाहेर येतं तिथला पहिला मिलिमीटर सरळच राहू द्यायचा, कारण सगळ्या नखाचा आधार तोच असतो. तो खाल्ला की आठवड्याभरात नख त्याच जागी आडवं फाटतं. आकार ठरवताना नखाच्या मुळाशी जी गोलाई दिसते तीच टोकाला उलटी काढा. नेलपेंटशिवाय तीच सगळ्यात बरी दिसते. शेवटी फाइल तिरकी धरून वरून खाली दोन हलके हात, म्हणजे कडेला लोंबणारी कूस निघते. ती राहिली तर लोकरीत, ओढणीत नख अडकतं.

मग क्युटिकल रिमूव्हर, म्हणजे क्युटिकल मऊ करून सोडवणारं द्रव. दर नखाला एक थेंब, बाटलीवर लिहिली असेल तेवढीच वेळ, बहुधा १-२ मिनिटं. पुशर (क्युटिकल मागे ढकलायचं चपट्या टोकाचं अवजार) नखाला जवळजवळ आडवा ठेवून, छोटी वर्तुळं काढत, अजिबात जोर न लावता. नखावरून ओल्या पिठासारखं पांढरट काहीतरी गोळा होतं, काढायचं ते तेवढंच. लगेच साबण-पाण्याने धुणे, नुसतं टिश्यूने पुसून भागत नाही. निपर (कातडी कापायची छोटी पक्कड) फक्त सुट्या लोंबणाऱ्या सालपटाला. मग बफर, म्हणजे नख घासून चमकवायचा ठोकळा (यावर वेगळं लिहिते), शेवटी तेल आणि क्रीम. दोन्ही हातांना मिळून अर्धा ते पाऊण तास. पंधरा मिनिटांत उरकलं तर काहीतरी गाळलंय.

आजचीभाजी

यात कोमट पाण्याचा वाडगा कुठेच नाही? शांपू घातलेल्या पाण्यात बोटं बुडवून बसणं हेच तर मॅनिक्युअर वाटतं लोकांना.

निपरवाली

वाडगा ठेवायचाच असेल तर आकार देऊन झाल्यावर, ३ ते ५ मिनिटं, कोमट पाण्यात. गरज म्हणाल तर नाही. भिजल्यावर मेलेली आणि जिवंत कातडी दोन्ही फुगून पांढरी होतात, मग निपर कुठे थांबवायचा ते कळत नाही. रिमूव्हर असेल तर पाण्याचं काम तोच करतो. गिऱ्हाइकाला सुख वाटतं म्हणून वाडगा टिकून आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्यानंतर फाइल नको.

त्वचेची_वही

क्युटिकलबद्दल जरा सविस्तर, कारण खरं नुकसान तिथेच होतं.

क्युटिकल म्हणजे नखावर चिकटून पुढे सरकत येणारा मेलेल्या पेशींचा पातळ पापुद्रा. त्याच्या मागे जी जाडसर कड दिसते ती जिवंत कातडी. पार्लरमध्ये दोन्हींना क्युटिकलच म्हणतात आणि गोल कापून टाकतात ती बहुतेक वेळा ही जिवंत कड. कापल्यावर दोन दिवस छान दिसतं. मग शरीर ती जागा जास्त जाड, जास्त कडक कातडीने भरून काढतं, ती फाटते, सालपटं निघतात, आणि "माझं क्युटिकल फार वाढतं" म्हणत माणूस पुन्हा कापायला येतो.

हा पापुद्रा आणि कड मिळून नखाच्या मुळाशी पाणी आणि जंतू जाऊ नयेत म्हणून सील करतात. सील तुटलं की नखुरडं. एकाएकी ठणकणारं, पू धरणारं नखुरडं बहुधा स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे होतं. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांच्याकडे दुसरा प्रकार दिसतो: कड सतत सुजलेली, लालसर, क्युटिकल नाहीसं झालेलं, आणि नखावर आडव्या लाटा. तिथे कॅन्डिडा बुरशीही सापडते, पण मूळ कारण सततचा ओलावा आणि तुटलेलं सील. अशा बोटाला मॅनिक्युअर नाही, आधी उपचार.

रिमूव्हरमध्ये पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असतं. युरोपात त्याची मर्यादा ५ टक्के आहे. ते केराटिन नावाचं प्रथिन विरघळवतं, आणि नख स्वतः केराटिनचंच. म्हणजे रिमूव्हर लावून गप्पा मारत दहा मिनिटं बसलं की क्युटिकलपाठोपाठ नखाचा वरचा थर आणि आजूबाजूची कातडीही मऊ पडते. कापलेल्या, चिरलेल्या जागी लावूच नये, झोंबतं.

मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करायची औषधं घेणाऱ्यांनी निपरला साफ नाही म्हणावं. पुशर आणि तेल पुरेसं आहे.

कानस२४०

फाइल एकाच दिशेने चालवायची की मागेपुढे, यावर दर वेळी भांडण होतं. खरबरीत वाळूच्या फाइलने करवतीसारखं मागेपुढे केलं तर कडेचे थर उचकटतात, हे खरं. चांगल्या काचेच्या फाइलने हलक्या हाताने मागेपुढे केलं तर चालतं. तिचे दाणे काचेवरच कोरलेले आणि बारीक असतात, ती कडेला खरवडत नाही, घासत नेते. शंका असेल तर बाहेरून मध्याकडे, एका दिशेने.

स्वस्तातल्या काही "काचेच्या" फाइलवर नुसता वाळूचा थर फवारलेला असतो. नवी असतानाच बोटाने जोरात घासून बघा. दाणे सुटले तर ती खरी नव्हे.

निपरवाली, बफरचं लिहा ना. सगळ्यात जास्त नखं बफरनेच मरतात.

निपरवाली

लिहिते. नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहा महिने. म्हणजे आज पृष्ठभागावरून जे घासून काढलं ते भरून येत नाही, ते वाढून कापलं जाईपर्यंत तसंच पातळ राहतं. दर पंधरा दिवसांनी खरबरीत बफर मारला तर थरावर थर जातात. मग गरम चहाचा कप धरला तरी नखाखाली झोंबतं, टोक कागदासारखं वाकतं.

चारपदरी बफर-ठोकळ्याच्या बाजूंवर आकडे असतात. पहिली बाजू, म्हणजे २२०-२४०, नखाच्या पृष्ठभागावर वापरायचीच नाही, ती कडेसाठी. दुसरी खडबडीत बाजूही शक्यतो टाळा. फक्त शेवटच्या दोन मऊ बाजू, एकीने नखाला पाच-सहा हात आणि शेवटच्या चकचकीत बाजूने थोडे जास्त. एका जागी रेंगाळायचं नाही, नख गरम लागलं की उचलायचं. महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. मधल्या आठवड्यांत नुसती चकचकीत बाजू फिरवली तरी चमक परत येते.

पुरणपोळी_फॅन

उभ्या रेघा असतील तर? पार्लरवाली म्हणते सपाट करून देते.

त्वचेची_वही

नको. उभ्या रेघा वयाबरोबर वाढतात, सुरकुत्यांसारख्याच. त्या मुळापासूनच तशा येतात. घासून सपाट केल्या तर रेघेच्या मधली दरी अजून पातळ होते आणि नख तिथेच उभं चिरतं. रेघेचा माथा जरा उतरवा, बाकी सोडा. आडवी खाच वेगळी. मोठा ताप, आजारपण किंवा नखाला लागलेला मार असेल तर काही काळ वाढ थांबते, त्याची ती खूण, आणि ती पुढे सरकत निघून जाते. सगळ्या बोटांना एकाच उंचीवर खाच दिसली तर मुळापासूनचं अंतर मोजा. महिन्याला ३ मिमी धरलं की आजार कधी झाला ते कळतं.

पांढरे ठिपके कॅल्शियम कमी झाल्याने येतात हे घरोघरी ऐकू येतं. ते बहुधा बारीक मारामुळे येतात, पुशर जोरात मुळाशी दाबल्यामुळेसुद्धा. मॅनिक्युअरनंतर महिन्याभराने ओळीने ठिपके दिसायला लागले तर पार्लर बदला. चमच्यासारखं खोलगट नख मात्र लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, ते डॉक्टरांना दाखवा.

तांदूळदाणा

चमकच हवी असेल तर जपानी मॅनिक्युअर मागा. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या सलूनमध्ये मिळतं, आणि घरी करायचे संचही येतात. डबीत मेणयुक्त पेस्ट आणि दुसऱ्या डबीत पावडर, सोबत हरणाच्या किंवा तत्सम मऊ चामड्याचे दोन बफर. पेस्टमध्ये मधमाशीचं मेण मुख्य. नख "पोसलं" जातं वगैरे जाहिरातीतलं सोडून द्या. मेलेल्या केराटिनला पोसता येत नाही. मेण बारीक खड्डे भरतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश सरळ परत येतो, म्हणून चमकतं. हेही कमी नाही.

कृती: क्युटिकल आणि आकार आधी. नख तेलकट नको, स्पिरिटने पुसून घ्यायचं, नाहीतर पेस्ट घसरते. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, एका हाताच्या पाचही नखांना मिळून. जास्त घेतली तर चमक वाढत नाही, बाजूच्या खाचेत पांढरं पीठ साचतं आणि दुसऱ्या दिवशी मळ अडकल्यासारखं दिसतं. पेस्टच्या बफरने एकाच दिशेने, मुळाकडून टोकाकडे, पेस्ट दिसेनाशी होईपर्यंत. मग दुसऱ्या बफरने पावडर, तसंच. बफरची अदलाबदल झाली की पावडरचा बफर मेणचट होतो, मग तो काही कामाचा नाही. शेवटी मऊ ब्रशने खाचा साफ करायच्या आणि तेल फक्त कातडीला.

दोनेक आठवडे टिकतं. रोज भांडी घासत असाल तर कमी. हे केल्यावर चार-पाच दिवसांत लग्नाला नेलपेंट लावायचं ठरलं तर ते नीट बसणार नाही, मेण आड येतं. मधाच्या किंवा मेणाच्या वस्तूंची अ‍ॅलर्जी असेल तर टाळा.

तसा हा प्रकार नवा नाही. बाटलीतलं नेलपेंट घरोघरी पोचण्याआधी युरोप-अमेरिकेत नखं चामड्याच्या बफरने आणि टिन ऑक्साइडच्या पावडरीनेच चमकवत. क्युटेक्स (पुढे नेलपेंटसाठी प्रसिद्ध झालेला ब्रँड) १९११ मध्ये बाजारात आलं तेसुद्धा क्युटिकल काढायचं द्रव म्हणून. रंग नंतर आला.

आजचीभाजी

हळदीचं सांगा कुणीतरी. नेलपेंट नसलं की आपल्याकडच्या नखांचा पहिला प्रश्न हळदच. विशेषतः लोणच्याच्या दिवसांत, किंवा हळदीच्या कार्यक्रमानंतर.

कानस२४०

हळद बफरने काढायची नाही, हे आधी. तिचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. खोबरेल नखांवर आणि खाचांत पाच मिनिटं चोळून कापसाने पुसा, कापूस पिवळा होतो. मग स्पिरिटचा बोळा. मग साबण. उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही.

साबण आधी लावला तर डाग लालसर होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तीच करामत. रिमूव्हर तर साबणापेक्षा कितीतरी जास्त क्षारयुक्त. हळदीच्या बोटांना तो लावला की नखाची कड एकदम लालभडक होते आणि गिऱ्हाईक ओरडतं, रक्त आलं म्हणून. रक्त नसतं. धुऊन लिंबाच्या पाण्यात बोट बुडवलं की परत पिवळं. पण म्हणून लिंबू रोज चोळू नका, नख कोरडं पडतं.

पुरणपोळी_फॅन

आणि मेंदी?

कानस२४०

मेंदी निघत नाही. तिचा रंग केराटिनला घट्ट धरतो. नखाबरोबर वाढत जाऊन चार-सहा महिन्यांत संपेल. नको असेल तर मेंदी लावण्याआधी नखांवर व्हॅसलिनचा जाड थर. झालीच असेल तर वर मेणाची पेस्ट घासा, तांबूस चमक फार छान दिसते.

चौथी_खोली

सगळं ठीक, पण अवजारांचं कुणी बोललंच नाही. त्या निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवलेली अवजारं निर्जंतुक नसतात. ती पेटी स्वच्छ अवजारं ठेवायला बरी, मळकी अवजारं तिथे शुद्ध होत नाहीत. प्रकाश जिथे पडत नाही, म्हणजे निपरच्या सांध्यात, तिथे काहीच होत नाही. तापलेल्या काचमण्यांची डबीही तशीच बेभरवशाची.

योग्य पद्धत: ब्रश आणि साबणाने घासून धुणे, कोरडे करणे, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश सेल्सियसला ३० मिनिटं, उघडी अवजारं असतील तर १५. पाकिटावरची खूण रंग बदलते. पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. ऑटोक्लेव्ह नसेल तर निदान धुऊन, लेबलावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत जंतुनाशकात बुडवणे. स्पिरिटचा बोळा फिरवून पुढच्या माणसाला निपर लावणं चालणार नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जिवंत राहतो.

लाकडी काडी, वाळूची फाइल, स्पंजचा बफर या धुता न येणाऱ्या वस्तू. त्या एका माणसाच्या, मग कचऱ्यात. तुमचा संच तुम्हीच घेऊन जा, बोलाचालीचा प्रश्नच राहत नाही. काचेची फाइल आणि स्टीलचा पुशर दोन्ही धुता येतात.

सेकंडशिफ्ट

हॉस्पिटलवाल्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातस्वच्छतेच्या मार्गदर्शनात नैसर्गिक नखांची टोकं ०.५ सेंमीपेक्षा कमी आणि कृत्रिम नखं अजिबात नको असं आहे. व्यवहारात वॉर्डात १-२ मिमीच ठेवा, हातमोजा फाटत नाही.

अजून एक. नखाखालची घाण टोकदार वस्तूने उकरू नका. नखाला बोटाशी जोडणारी कड मागे ढकलली जाते, पांढरी रेघ आत आत सरकते, आणि त्या पोकळीत ओल राहून हिरवट डाग पडतो. तो जंतूंचा असतो, मळाचा नाही. मऊ ब्रश, साबण, बोट खाली करून. बस.

परदेशस्थ_नखवाला

अमेरिकेत "स्पोर्ट मॅनिक्युअर" किंवा "बफ अँड शाइन" म्हटलं की कळतं, पुरुषांच्या यादीत बहुधा असतंच. तिथे "क्युटिकल फक्त मागे ढकला, कापू नका" एवढं जोडा. "रशियन" किंवा "ड्राय" नावाखाली मशीनचं टोक क्युटिकलखाली घालून साफ करतात. फोटोत अप्रतिम दिसतं, पण त्यावर एरवी जेलचा रंग कातडीच्या आत घुसवून भरायचा असतो. नेलपेंट लावायचंच नसेल तर ते सील तोडून मिळवायचं काय?

त्वचेची_वही

नेमकं. आणि मशीन चुकीच्या कोनात टेकलं की नखावर लाल कमानी उमटतात, त्या तीन-चार महिने दिसत राहतात.

आजचीभाजी

टोकाला पापुद्रे सुटतात, त्याचं काय? बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घ्यावं का?

त्वचेची_वही

पापुद्रे मुख्यतः ओलं-कोरडं-ओलं या चक्राने सुटतात. नख पाणी शोषून फुगतं, सुकून आकसतं, दिवसातून वीस वेळा. भांड्यांसाठी रबरी हातमोजे, आत सुती. रात्री तेल, नखाच्या वर जेवढं तेवढंच टोकाच्या खालीही. जोजोबा असेल तर उत्तम, नसेल तर खोबरेल, वरून व्हॅसलिन. कोरडेपणा फार असेल तर १० टक्के युरियाचं क्रीम. सुटलेला पापुद्रा ओढू नका, काचेच्या फाइलने तेवढीच कड मागे घ्या.

बायोटिनवरचे अभ्यास लहान आहेत, त्यांत रोज २.५ मिलिग्रॅम काही महिने दिलं होतं. गोळ्या घेत असाल तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा. थायरॉइडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिनच्या चाचण्या त्याने चुकू शकतात, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता.

पुरणपोळी_फॅन

नवऱ्यामुलासाठी विचारतेय. साखरपुड्याला अंगठीचे फोटो निघणार, नखं जाड आहेत, कडा चावलेल्या. किती दिवस आधी न्यावं?

निपरवाली

आजपासून रोज रात्री तेल सुरू करा. पहिली बैठक तीन आठवडे आधी: नुसता आकार, क्युटिकल ढकलणे, लोंबणारी सालपटं काढणे. निपर त्याच दिवशी काय तो. दुसरी बैठक दोन दिवस आधी, आदल्या दिवशी नको, कातडी लालसर झाली तर उतरायला वेळ हवा. जाड नखांना १८० ने आकार, २४० ने कड, मग बफरच्या शेवटच्या दोन बाजू. पुरुषांना आरशासारखी चमक बहुधा नको असते, तेव्हा शेवटची बाजू दोन-तीन हात फिरवून थांबा. चावलेली नखं बोटाच्या टोकापर्यंत आलेली नसतील तर फाइलने जेमतेम कड गुळगुळीत करा, आकार द्यायला जाऊ नका. खडबडीत कड राहिली की दात पुन्हा तिथेच जातात.

आणि हळदीचा कार्यक्रम फोटोंच्या आधी असेल तर त्या सकाळी नखांना आणि खाचांना खोबरेल चोपडून पाठवा.